इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी सोडून एथिकल हॅकिंग शिकावे का?

कळवेकर :

नमस्कार. माझे वय ३५ आहे. इन्स्ट्रुमेंटेशनमधील पदविका घेऊन गेली १२ वर्षे मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन, लूप तपासणे, पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या, लॉजिकमध्ये लहानसहान बदल आणि शटडाउनच्या दिवसांत कारखान्यातच मुक्काम, असे कामाचे स्वरूप आहे. पगार वेळेवर होतो. परंतु पुढच्या पदावर पदवीधरांनाच घेतात, त्यामुळे मी जिथे आहे तिथेच राहणार हे स्पष्ट आहे.

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयातील संगणकांवर रॅन्समवेअरचा (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला आणि तीन दिवस मालाची चलने हाताने लिहावी लागली. ते निस्तरण्यासाठी बाहेरून आलेल्या दोघांना मी जवळून काम करताना पाहिले आणि तेव्हापासून सायबर सुरक्षेच्या क्षेत्राचा विचार डोक्यातून जात नाही. ठाणे स्थानकाजवळच्या एका क्लासमध्ये चौकशी केली असता एथिकल हॅकिंगचा, म्हणजे परवानगीने यंत्रणेतील त्रुटी शोधण्याचा, सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, १ लाख ६० हजार रुपये शुल्क आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे सांगण्यात आले. घराच्या कर्जाचे हप्ते अजून आठ वर्षे आहेत आणि मुलगी दुसरीत आहे. पीएलसीसाठी वापरतात ते लॅडर लॉजिक सोडल्यास मला कोणतेही प्रोग्रॅमिंग येत नाही. नोकरी सोडून हा अभ्यासक्रम करावा का? या वयात कोणी उभे करते का? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

रात्रपाळी_ऐरोली :

राजीनामा देऊ नका, हे आधी सांगतो.

मी ऐरोलीतील एका सॉकमध्ये, म्हणजे सुरक्षा निरीक्षण कक्षात, काम करतो. बाहेरून येणारे बहुतेक जण या क्षेत्रात याच दाराने शिरतात. पडद्यावर सूचना येत राहतात, त्यांतील बहुतांश निरुपद्रवी असतात, आणि जी निरुपद्रवी नाही ती पहाटे चार वाजता झोप आलेली असतानाही ओळखणे हे आमचे काम. चित्रपटात दिसते तसे यात काहीही नाही. मात्र पाळ्यांची सवय तुम्हाला आहे, आणि ती नसल्यामुळे सहा महिन्यांत सोडून गेलेली पंचविशीतील मुले मी पाहिली आहेत.

आमच्याकडे मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यापासून पान उघडेपर्यंत काय काय घडते? डीएनएस, टीसीपीची जोडणी, टीएलएस, सर्व्हरचे उत्तर, असे टप्प्याटप्प्याने दहा मिनिटे बोलता आले की प्रमाणपत्राची चौकशी मागे पडते. अनेक क्लासवाले हा पाया दोन दिवसांत उरकून थेट काली लिनक्सवरील हॅकिंगची साधने दाखवू लागतात, ही माझी मुख्य तक्रार आहे. पाया फुकटात शिकता येतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, ओव्हरदवायर या संकेतस्थळावरील लिनक्सच्या आज्ञा शिकवणारा 'बँडिट' हा खेळ पहिल्या पायरीपासून सोडवा आणि वायरशार्क उघडून स्वतःच्याच घरातील वायफायवरची माहितीची रहदारी वाचा.

त्या 'हमी'चा अर्थ क्लासकडून लेखी मागा. संगणक दुरुस्तीची किंवा कॉल सेंटरमधील नोकरीही त्या हमीत बसते का, एवढे विचारले तरी पुरेसे बोलके उत्तर मिळेल.

घोडबंदर_वाचक :

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे. फक्त सगळे क्लास निरुपयोगी असतात असे मी म्हणणार नाही. घरी एकटीने अभ्यास न जमल्यामुळे मी स्वतः शनिवार-रविवारचा वर्ग लावला होता आणि त्याचा मला उपयोग झाला. पण तो नोकरी सांभाळून होता, हे महत्त्वाचे.

मी पाच वर्षांपासून पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे ग्राहकाच्या परवानगीने त्याची यंत्रणा भेदून त्रुटी शोधण्याचे काम, करते. नवख्यांना वाटते त्याहून या पदांची संख्या कमी आहे आणि कामाचा मोठा भाग लेखनाचा आहे. सापडलेली त्रुटी कोणती, ती पुन्हा कशी दाखवता येईल, तिच्यामुळे व्यवसायाचे काय बिघडू शकते आणि ती कशी दुरुस्त करावी, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहावे लागते. ओएससीपी या प्रात्यक्षिक प्रमाणपत्राच्या परीक्षेत २३ तास ४५ मिनिटे यंत्रणा भेदण्याला आणि त्यानंतरचे २४ तास अहवाल लिहिण्याला दिलेले असतात, यावरून काय ते समजा. सीईएच या एथिकल हॅकिंगच्या प्रमाणपत्राची लेखी परीक्षा याउलट चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्नांची आहे. तिने हाताला वळण लागत नाही. मात्र मनुष्यबळ विभागाच्या चाळणीतून अर्ज पुढे सरकण्यास ती मदत करते, हेही नाकारता येणार नाही.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगते. शिकलेले काहीही कारखान्याच्या जाळ्यावर करून पाहू नका. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते आणि तेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. 'शिकण्यासाठी केले' हे उत्तर द्यायची वेळच येऊ देऊ नये. शिवाय जुने पीएलसी एनमॅप या जाळ्यावरील यंत्रे शोधणाऱ्या साधनाच्या साध्या स्कॅननेही अडकून पडू शकतात, आणि तुमच्याकडे पीएलसी अडकणे म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. सराव स्वतःच्या लॅपटॉपवरील आभासी यंत्रांवर किंवा पोर्टस्विगर या संकेतस्थळाच्या मोफत प्रयोगशाळेत करावा.

पांडवकडा :

कळवेकर, तुम्ही चुकीचा प्रश्न विचारत आहात असे मला वाटते. बारा वर्षांचे काम बाजूला ठेवून तुम्ही बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत शेवटी का उभे राहता? औद्योगिक नियंत्रण यंत्रणांची सुरक्षा, ज्याला आम्ही ओटी सुरक्षा म्हणतो, हा सायबर सुरक्षेचाच भाग आहे, आणि तिथे फायरवॉल जाणणारे पुष्कळ भेटतात, पण कंट्रोल व्हॉल्व्ह हाताळलेले फारच थोडे.

२०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाचा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, सापडला. त्याचे लक्ष्य होते ट्रायकोनेक्स या सुरक्षा प्रणालीचे कंट्रोलर, म्हणजे दाब हाताबाहेर गेल्यास प्रकल्प आपोआप बंद करणारा शेवटचा आधार. हल्लेखोरांना त्यात बदल करता आले, कारण कंट्रोलरची किल्ली 'रन'ऐवजी 'प्रोग्रॅम'वर राहिली होती. हे वाचून संगणकवाला मान डोलावून पुढे जातो. तुम्हाला मात्र आपल्या कारखान्यातील ती किल्ली कुठल्या स्थितीत आहे, हे लगेच आठवले असेल. तोच फरक आहे.

आपल्या भागातही हा विषय परका नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरमुळे न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी पुढे सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. खरे कोणाचे, हा वाद बाजूला ठेवला तरी तेव्हापासून बैठकींमध्ये स्काडा (दूरवरून यंत्रणेवर देखरेख व नियंत्रण ठेवणारी प्रणाली) हा शब्द कानावर पडू लागला, हे मी स्वतः अनुभवले आहे.

काय शिकावे, हेही सांगतो. मॉडबस हा पीएलसींनी एकमेकांशी बोलण्याचा १९७९ सालचा प्रोटोकॉल आहे आणि त्याच्या मूळ रूपात आज्ञा देणारा कोण, याची ओळख पटवण्याची सोयच नाही. घरी ओपनपीएलसी हे पीएलसीसारखे चालणारे सॉफ्टवेअर बसवून ५०२ या पोर्टवरील रहदारी वायरशार्कमध्ये पाहा. कॉइल, म्हणजे चालू-बंद होणारे आउटपुट, चालू करण्याची आज्ञा उघड्यावर जाताना दिसेल. त्यानंतर आयईसी ६२४४३ या ओटी सुरक्षेच्या मानकातील झोन (यंत्रणेचे सुरक्षा-विभाग) आणि कंड्युट (त्यांना जोडणारे मार्ग) ही कल्पना समजून घ्या. रात्रपाळी_ऐरोली यांनी सांगितलेला पाया मात्र चुकत नाही.

कळवेकर :

सर्वांचे मनापासून आभार. क्लासला आज फोन करून हमीचे लेखी मागितले, तेव्हा 'समक्ष या, मग बोलू' असे उत्तर मिळाले, त्यामुळे तो विषय संपला. पांडवकडा, किल्लीबद्दल आपण लिहिलेले वाचून मी खरोखरच थबकलो. आमच्या एका पॅनलमध्ये ती कित्येक महिन्यांपासून कुलपातच अडकवलेली आहे. सोमवारी हे वरिष्ठांच्या कानावर घालणार आहे. आयटी विभागाला वगळून थेट देखभाल प्रमुखांकडे जावे का?

पांडवकडा :

देखभाल प्रमुखांकडेच जा, पण तोंडी नको. ईमेल लिहा आणि त्यात कोणावरही दोष न ठेवता केवळ पॅनलचा क्रमांक, किल्लीची आजची स्थिती आणि ती कोणाच्या ताब्यात असावी याविषयीची आपली सूचना एवढेच नोंदवा. किल्लीला हात मात्र परवानगी मिळाल्याशिवाय लावू नका.