बाऊ कशाचा करायचा?
माध्यमं उत्तर कोरियाचा उगाच बाऊ करतात, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. बाऊ होतो क्षेपणास्त्रांचा, कारण ती पडद्यावर दिसतात. योंगब्योनच्या अणुकेंद्रातलं, अणुबॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम कुठे दिसतंय! मे २०१८ मध्ये पुंग्ये-री या अणुचाचणीच्या जागेचे बोगदे उडवताना परदेशी पत्रकारांना मुद्दाम नेलं. धूळ, दगड, उडणाऱ्या चौक्या, सगळं साग्रसंगीत चित्रित झालं. तपासणी करू शकणारे तज्ज्ञ मात्र बोलावलेच नव्हते. तरी पुढच्याच महिन्यात सिंगापूरला किम जोंग उनशी झालेल्या भेटीनंतर ट्रम्प 'आता धोका उरला नाही' म्हणून मोकळे.

आणि उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बचं सगळं खापर क्लिंटनच्या माथी का? त्यांच्या काळात अमेरिकेने उत्तर कोरियाशी केलेल्या १९९४ च्या करारामुळे योंगब्योनची अणुभट्टी २००२ च्या अखेरपर्यंत बंद होती. बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करण्याचा चोरटा उद्योग चालू होता, हे कबूल. पण पहिली अणुचाचणी झाली २००६ मध्ये, बुश यांच्या कारकिर्दीत.