मदत हवी आहे : या समुद्री शंखाचे कुळ आणि जात कोणती?

खानापूरचा_शिक्षक
सर्वांना नमस्कार. आमच्या हायस्कूलच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही समुद्री शंखांची मांडणी करत आहोत आणि तिच्यातील एका शंखाच्या नावापाशी सगळे काम अडले आहे. शंख लांबट असून दोन्ही टोकांना निमुळता आहे, पृष्ठभाग तेल लावल्यासारखा चकचकीत आहे आणि पिवळसर राखी रंगावर तपकिरी ठिपक्यांची जाळी आहे. तो 'ऑलिव्ह' गटातला असावा एवढे इंटरनेटवरील चित्रांवरून समजले, परंतु तिथे एकाच प्रकारच्या चित्राखाली वेगवेगळी नावे आढळतात. मला केवळ शास्त्रीय नाव आणि कुळ हवे आहे. फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावायचे असून मजकूर शुक्रवारी छपाईला द्यायचा आहे. फोटो जोडला आहे. कृपया आजच सांगावे.

निपाणीकर_शंखसंग्रह
गुरुजी, हा ऑलिव्हा ऑलिव्हा आहे, यात शंकेला जागा नाही. माझ्या कपाटात याच नक्षीचे बरेच शंख आहेत आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही जात सर्रास मिळते. निःशंकपणे छापून टाका.

टिळकवाडी_प्राणिशास्त्र
गुरुजी, घाई समजते, परंतु या फोटोवरून नाव देता येणार नाही. तुम्ही शंखाची पाठ दाखवली आहे, आणि या गटातील ओळख जवळजवळ पूर्णपणे पोटाच्या बाजूला असते. कृपया चार गोष्टी कळवा : शंख नेमका कुठे मिळाला, त्याची लांबी आणि रुंदी किती मिलिमीटर आहे, मुखद्वाराच्या बाजूचा फोटो आणि शिखराचा जवळून घेतलेला फोटो. शिखरावर वेटोळी जिथे एकमेकांना भेटतात, त्या सांध्यात खाच दिसते की नाही, हे भिंग लावून पाहा.

निपाणीकर, रंगावरून जात ठरवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ऑलिव्हा वंशात एकाच जातीचे शंख पांढरे, पिवळे, जाळीदार आणि जवळपास काळेसुद्धा असतात. रंगाच्या प्रत्येक छटेला नवे नाव देण्याच्या जुन्या संग्राहकांच्या सवयीमुळेच या वंशात नावांचा एवढा गुंता झाला आहे.

चिकोडी_हस्तकला
फोटोत शंख थोडा मळकट दिसतो. तो रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावा, सकाळी ब्रशने घासावा आणि वरून खोबरेल तेल लावावे. प्रदर्शनात उठून दिसेल.

टिळकवाडी_प्राणिशास्त्र
कृपया असे मुळीच करू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि व्हिनेगरमधील आम्ल तो विरघळवते, त्यामुळे पहिल्यांदा जाते ती चकाकीच. ऑलिव्ह गटातील प्राणी जिवंत असताना त्याचे मांसल पाय आणि प्रावार (शरीराची मऊ कातडीसारखी घडी) शंखावर दोन्ही बाजूंनी चढलेले असतात. वाळूत सरपटतानाही शंख असा झाकलेला राहत असल्यामुळे त्यावर ओरखडे येत नाहीत, शेवाळ धरत नाही आणि इतर अनेक शंखांवर असते तशी खरखरीत बाह्यत्वचाही नसते. म्हणजे काढून टाकण्यासारखे मुळात काही नसते. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरे.

खानापूरचा_शिक्षक
सर, साफसफाईविषयी मी विचारलेले नाही, तरीही व्हिनेगरचा इशारा उपयोगी पडला, कारण मुलांच्या मनात तेच होते. शंख कारवारचा आहे. लांबी ४६ मिलिमीटर आणि रुंदी २१ मिलिमीटर भरली. पोटाच्या बाजूचा आणि शिखराचा असे दोन नवे फोटो जोडत आहे. शिखराच्या वरच्या वेटोळ्यांवर मेणासारखा पांढरट जाड थर आहे, मात्र सांध्याची अरुंद खाच स्पष्ट दिसते. आता तरी नाव सांगावे.

हुबळी_प्रवासी
मध्येच लिहितो, क्षमा असावी. लांबट आणि नक्षीदार शंख म्हणजे कोन शंख असू शकतो आणि कोन शंखांचा दंश जीवघेणा असतो. मुलांच्या हाती असले काही देऊ नये.

टिळकवाडी_प्राणिशास्त्र
काळजी रास्त आहे, परंतु इथे लागू पडत नाही. कोन शंख शिखराच्या लगतच सर्वांत रुंद असतो आणि तिथून सरळ निमुळता होत जातो; त्याचे मुखद्वार लांब, सरळ आणि अरुंद असते. गुरुजींच्या शंखाची सर्वाधिक रुंदी साधारण मध्यावर आहे. शिवाय रिकाम्या शंखात प्राणीच नसल्यामुळे विषाचा प्रश्न येत नाही. मुलांना एवढेच सांगावे की किनाऱ्यावर जिवंत कोन शंख दिसला तर त्याला हात लावू नये.

आता मूळ प्रश्न. पोटाची बाजू पाहिल्यावर माझे मत असे आहे की हा ऑलिव्हा वंशातला शंख नाही, तर अगारोनिया गिब्बोसा आहे. ऑलिव्हाचा शंख नळकांड्यासारखा असतो, शिखर बुटके असते, मुखद्वार वरपासून खालपर्यंत अरुंद राहते आणि स्तंभिकेवरच्या (शंखाच्या मधल्या खांबावरच्या) घड्या जवळपास पूर्ण लांबीवर पसरलेल्या असतात. तुमच्या शंखाचे मुखद्वार वरच्या बाजूला चिंचोळे असून ज्या टोकाला प्राण्याची पाणी आत घेणारी नळी बाहेर काढण्याची खाच आहे, तिकडे ते ठळकपणे रुंदावते. घड्याही त्याच खालच्या भागात गोळा झाल्या आहेत. मधला भाग फुगीर आहे आणि शिखरावर जाड थर आहे. ही सर्व लक्षणे एकत्र घेतली की भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरील गिब्बोसा हीच जात समोर येते. याच वंशातील अगारोनिया नेब्युलोसा आपल्याकडे मिळते, परंतु ती अधिक सडपातळ असते आणि तिच्या शिखरावर असा जाड थर चढत नाही.

निपाणीकर_शंखसंग्रह
सर, आपला अनुभव मोठा आहे हे मान्य, पण जुन्या भारतीय याद्यांत हाच शंख ऑलिव्हा गिब्बोसा म्हणून छापलेला मी स्वतः पाहिला आहे. मग ऑलिव्हा म्हणणे चूक कसे? आणि जाती वेगवेगळ्या असतील तर माझ्या कपाटातील सगळ्यांचा रंग सारखा कसा?

धारवाड_संशोधक
निपाणीकर दादा, आपण पाहिलेले नाव छापील चूक नव्हे, ते जुने वर्गीकरण आहे. बॉर्न यांनी १७७८ मध्ये ही जात व्हॉल्युटा वंशात ठेवली होती, कारण त्या काळी व्हॉल्युटा ही फार मोठी पिशवी होती. लिनियस यांनीही १७५८ मध्ये ऑलिव्हा ऑलिव्हाला व्हॉल्युटा ऑलिव्हा असेच म्हटले होते. ब्रुगिएर यांनी १७८९ मध्ये ऑलिव्हा हा वंश वेगळा काढला. पुढे गिब्बोसा ही जात ऑलिव्हा, ऑलिव्हान्सिलारिया आणि अगारोनिया अशा वंशांतून फिरली. म्हणूनच फलकावर अगारोनिया गिब्बोसा (बॉर्न, १७७८) असे कंसासह लिहावे लागते. जात पहिल्यांदा ज्या वंशात वर्णिली गेली त्यातून ती दुसऱ्या वंशात हलवली गेली आहे, हे प्राणिशास्त्रात त्या कंसावरून कळते. कंस गाळला तर माहिती खोटी ठरते, आणि शाळेच्या फलकांवर नेमका तोच गळतो.

कुळाविषयीही एक सावधगिरी हवी. जुन्या पुस्तकांत अँसिला हा वंशसुद्धा ऑलिव्हिडी कुळात असे. कांतोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शरीररचना आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे ऑलिव्हॉइडिया या महाकुळाची फेरमांडणी केली. त्यात ऑलिव्हिडी, अँसिलारिइडी, बेलोलिव्हिडी, बेंथोबिइडी आणि सूडोलिव्हिडी अशी पाच कुळे मानली आहेत. अगारोनिया ऑलिव्हिडीतच राहिला, अँसिला मात्र अँसिलारिइडीत गेला. तुमच्या पेटीत सांध्याची खाच थराखाली पूर्ण बुजलेला शंख असेल, तर तो अँसिला आहे का हे तपासावे.

निपाणीकर_शंखसंग्रह
कंसाचा मुद्दा पटला. परंतु मग डीएनए तपासल्याशिवाय कोणतेच नाव खरे मानायचे नाही का? शाळांनी काय करायचे?

टिळकवाडी_प्राणिशास्त्र
तसे मुळीच नाही. वंश ठरवायला शंख सहसा पुरतो, आणि गिब्बोसासारख्या ठळक लक्षणांच्या जातीत तर जातही ठरते. अडचण येते ती ऑलिव्हा वंशातील जवळच्या जातींमध्ये. तिथे रंगाचा उपयोग होत नाही, म्हणून अभ्यासक भ्रूणावस्थेतील पहिल्या वेटोळ्यांची आणि शंखाच्या प्रमाणांची सूक्ष्म मापे घेतात. तुमच्या कपाटातील शंख सारखे दिसतात ते एकाच किनाऱ्यावरील असल्यामुळेही असू शकते. एकदा सगळे उताणे ठेवून मुखद्वार पाहा, मला खात्री आहे की त्यांत दोन प्रकार निघतील.

गुरुजी, माझा एक प्रश्न मात्र राहिला आहे. 'कारवारचा' म्हणजे किनाऱ्यावर उचललेला, मासेमारीच्या जाळ्यातून आलेला, की दुकानातून घेतलेला?

खानापूरचा_शिक्षक
सर, सहल रामनगर-जोयडा मार्गे कारवारला गेली होती. ज्याचे फोटो पाठवले तो शंख मुलांनी देवबागच्या वाळूत उचलला आणि त्याच दिवशी वहीत नोंदवला. त्याच पेटीत दुसरा एक लहान, ३१ मिलिमीटरचा शंख आहे, तो एका विद्यार्थिनीने विक्रेत्याकडून घेतला होता. तोही याच जातीचा समजून दोघांना एकच चिठ्ठी लावायची होती. लहान शंखाचे मुखद्वार मात्र वरपासून खालपर्यंत अरुंद आहे आणि घड्या भरपूर आहेत.

टिळकवाडी_प्राणिशास्त्र
मग चिठ्ठ्या दोन करा. लहान शंख तुमच्या वर्णनावरून ऑलिव्हा वंशातला दिसतो, पण त्यावर जातीचे नाव घालू नका. किनाऱ्यावरील दुकानांत रामेश्वरम, तुतिकोरीन यांसारख्या ठिकाणांहून आणि परदेशातूनही शंख विक्रीला येतात. त्यामुळे विकत घेतलेल्या शंखावर कारवारचे नाव घातले, तर पुढे कोणी त्या चिठ्ठीच्या आधारे ही जात कारवारला मिळते असे लिहील. त्याच्या चिठ्ठीवर 'ऑलिव्हा, जात अनिश्चित. विकत घेतलेला, मूळ स्थान अज्ञात' एवढेच असावे. शास्त्रीय नोंदीत ही अर्धवट चिठ्ठी पूर्ण पण काल्पनिक चिठ्ठीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

मोठ्या शंखासाठी नाव, कंसातील नाव आणि साल, कुळ ऑलिव्हिडी, देवबाग (कारवार), वहीतील तारीख, आणि 'रिकामा शंख, वाळूवर' अशी नोंद करा. वंशांची नावे बदलत असतात, म्हणून छपाईपूर्वी वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या संकेतस्थळावर नाव एकदा पडताळून घ्या.

धारवाड_संशोधक
एक पुरवणी. मांडणी कायम ठेवणार असाल तर शंख बंद लाकडी पेटीत ठेवू नका. काही लाकडांतून आणि प्लायवूडच्या गोंदातून आम्लाची वाफ निघते आणि काही काळाने शंखांवर पांढरी भुकटी साचते. याला बाइन रोग म्हणतात, प्रत्यक्षात ती रासायनिक झीज आहे. काचेचे किंवा धातूचे कपाट चालेल. आणि कारवारला कोडीबाग येथे कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे, पुढच्या सहलीत मुलांना तिथे अवश्य न्यावे. मोठा शंख प्रत्यक्ष दाखवता आला तर नावाची खात्रीही होईल.

खानापूरचा_शिक्षक
दोन्ही चिठ्ठ्या सांगितल्याप्रमाणे लिहिल्या आणि संकेतस्थळावर पडताळणीही केली. कन्नड फलकावर शास्त्रीय नाव आमच्या सहकारी शिक्षिका कन्नड लिपीत लिहीत आहेत, कंस दोन्हीकडे ठेवला आहे. आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. अँसिलाविषयी वाचल्यावर मुलांनी उरलेले शंख उताणे करून भिंगाखाली धरले आहेत. एकाचा सांधा खरोखरच पूर्ण बुजलेला आहे, त्याचे फोटो उद्या याच धाग्यावर मापांसह आणि ठिकाणासह टाकतो.

निपाणीकर_शंखसंग्रह
गुरुजी, फोटोंची वाट पाहतो. सर, कपाट उघडून पाहिले. रुंदावलेल्या तोंडाचे शंख बहुसंख्य निघाले आणि अरुंद तोंडाचे थोडेच. मात्र या थोड्यांना मी अजूनही ऑलिव्हा ऑलिव्हाच म्हणतो. त्यांची भ्रूणावस्थेतील वेटोळी कशी मोजायची, एवढे सविस्तर सांगावे.