बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने आपला स्टार बॅटर राफाएल डेव्हर्सला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं (ट्रेड केलं) ते बरोबर होतं का?

फेनवेकर: मला अजून पटत नाहीये. २०२३ मध्ये १० वर्षांचा करार करायचा, आणि जून २०२५ मध्ये यांकीज संघाविरुद्ध होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारली त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडायचं? बदल्यात हिक्स, हॅरिसन हे पिचर (चेंडू टाकणारे) आणि दोन प्रॉस्पेक्ट (होतकरू नवे खेळाडू)! आपला दुसरा स्टार मूकी बेट्स गेला तेव्हाही असंच पोटात तुटलं होतं.

लेफ्टी: अहो पण ब्रेगमन संघात आल्यावर डेव्हर्सची थर्ड बेसची (मैदानावरची) जागा गेली, मग फर्स्ट बेसवरचा कासास जखमी झाला तेव्हा संघवाले त्याला तिथे उभा राहा म्हणाले, डेव्हर्स नाही म्हणाला, तिथेच बिनसलं. उरलेला पगार जायंट्सच्या माथी गेला हेही बघा ना.

जुनाचाहता: पगार वाचवून काय मिळालं? त्या दोन प्रॉस्पेक्टपैकी टिब्सला तर दीड महिन्यात डॉजर्स संघाकडे दिला, डस्टिन मे या पिचरसाठी.

लेफ्टी: आपल्या तरुण रोमन ॲन्थनीला रोज खेळायला मिळालं, ८ वर्षांचा करारही झाला. माझ्यासाठी तेच मोठं.