लघवीतलं हिप्युरिक ॲसिड : दोन रिपोर्ट, दोन आकडे. कुठला खरा धरू?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत पाउच छापणाऱ्या ग्राव्हर मशीनवर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. शाई पातळ करायला टोल्युइन वापरतात. सिलिंडर पुसायचं काम त्याच्याकडे, तेही उघड्या हातांनी. संध्याकाळी डोकं जड, उगाच चिडचिड. गुरुवारी सुट्टीला मात्र ठणठणीत.

कंपनीच्या मेडिकलमध्ये हिप्युरिक ॲसिड ०.५ आलं (ग्रॅम, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे; लघवी पातळ की घट्ट ते त्यावरून कळतं). 'फिट' म्हणून शिक्का. नमुना शुक्रवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी घेतलेला. मला पटेना, म्हणून मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर पदरचे पैसे घालून बाहेर केली, तर १.९! सुपरवायझरला दाखवलं, तो म्हणाला, "लोणचं कमी खा." थट्टा होती की खरंच तसं काही असतं? लोणचं घरचंच आहे. दुपारी जिरा सोडा मात्र रोज पितो. आमचे डॉक्टर म्हणाले, असला रिपोर्ट पहिल्यांदाच बघतोय.

प्रतिसाद १
सुपरवायझर अर्धा बरोबर आहे, हीच पंचाईत. शरीरात टोल्युइनचं शेवटी हिप्युरिक ॲसिड होतं, आणि लोणची, सोडे टिकावेत म्हणून घालतात त्या सोडियम बेंझोएटचंही तेच होतं. सोड्याच्या बाटलीवर २११ (हा त्याचाच नंबर) छापलंय का बघा. या घोळामुळेच कामगारांसाठी अशा मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने हिप्युरिकची १.६ ची जुनी मर्यादा काढून टाकली.

पण शुक्रवारचा ०.५ तर त्याहून कुचकामी. हे ॲसिड काही तासांतच उतरतं, गुरुवारच्या सुट्टीत सगळं निघून गेलेलं असणार. मुद्दाम केलं असेल असं नाही, पण सोयीचं नक्की झालं.

ऑर्थो-क्रेसॉल करून घ्या, तेही टोल्युइनपासूनच होऊन लघवीत उतरतं, पण बेंझोएटमुळे वाढत नाही. नमुना शिफ्ट संपताना, हात धुऊन, मशीनपासून लांब. मर्यादा ०.३ मिलिग्रॅम, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे. भाऊ सिगारेट ओढतो का? त्यानेही हा आकडा वाढतो. आणि मंगळवारच्या रिपोर्टात क्रिएटिनिन किती? लिटरला ०.३ ते ३ ग्रॅमच्या बाहेर असेल तर तो नमुना धरत नाहीत.

हातांचं मात्र आजच बघा, टोल्युइन कातडीतूनही आत जातं. कापडी मोजे नकोत, ते भिजून हातालाच चिकटतात.

धागाकर्ता
बाटलीवर २११ आहे! सोडा बंद केलाय. सिगारेट नाही. क्रिएटिनिन १.१. पुढच्या मंगळवारी परत नमुना देऊ. चिंचवडच्या दोन लॅबना विचारलं, ऑर्थो-क्रेसॉल त्यांच्या यादीतच नाही. पुणे-मुंबईत कुठे होतं, कुणी केलंय का?