मदत हवी आहे: जुन्या पत्र्याच्या बोर्डासारखा गुबगुबीत मराठी फॉन्ट

सोडावाल्याचा_नातू:
मंडळी नमस्कार. कोल्हापुरात रंकाळ्याकडं आमचं लस्सी-सोड्याचं दुकान आहे, आजोबांनी टाकलेलं. बोर्ड पत्र्याचा, पेंटरनं हातानं रंगवलेला, तो आता खालून गंजून पार चाळण झालाय. अक्षरं मात्र अजून अशी भारी आहेत की काय सांगू, ल च्या दोन्ही पाकळ्या टम्म फुगलेल्या, उजवीकडं गुलाबी शॅडो आणि फुगलेल्या भागावर पांढरी एकच रेघ, बाटलीवर ऊन पडल्यासारखी. ज्यांनी रंगवला ते काका आता नाहीत, दुसरे एक सापडले तर त्यांना डोळ्यानं दिसत नाही. बाबूराव पेंटरांच्या गावात बोर्ड रंगवायला माणूस मिळंना, बोला आता.

मग गेलो फ्लेक्सवाल्याकडं. त्यानं जे करून दिलं ते बघून बाबा म्हणाले, "तलाठी ऑफिस काढालाईस व्हय रे?"

इंग्रजीचा प्रश्न नाही, तिथं कूपर ब्लॅक नावाचा फॉन्ट घेतलाय. ऑस्वाल्ड कूपरनं शिकागोत केलेला, 1922 चा, पण शंभर वर्षांनी पण कुठं बी लावा, गोल कोपऱ्यांमुळं खायला बोलावल्यासारखाच वाटतो. पण त्यात देवनागरी नाही, आणि शेजारी साधं मराठी टाईप केलं की पैलवानाशेजारी काडी पैलवान उभा केल्यागत दिसतंय.

मराठीत मोदक नावाचा फॉन्ट वापरून बघितला, नाद खुळा दिसतो, पण बाटलीच्या 2 इंची स्टिकरवर अक्षराच्या आतल्या रेघा बुजून नुसते काळे गोळे झाले. श्रीखंड नावाचा पण उतरवला, नावावर भाळून, तर तो निघाला गुजराती आणि इंग्रजीचा. यात्रा वन चांगला आहे पण तो मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरनं केलाय, लस्सी पिताना सारखं वाटतं गाडी सुटंल. वर फ्लेक्सवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये 'लिंबू' टाकलं की वेलांटी ल सोडून पळून जाती. मला 8 फुटी बोर्ड, मेनूकार्ड आणि स्टिकर तिन्ही करायचंय. काय करू?

कीबोर्डवाली_वहिनी:
भाऊजी, आधी त्या कोरलमध्ये टाईप करणं थांबवा. जुन्या व्हर्जनला युनिकोड मराठीची जुळणी जमत नाही, फॉन्टचा काही दोष नाही. घरी इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यात लिहा, सिलेक्ट करून पाथ मेनूत ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि पीडीएफ करून द्या. म्हणजे अक्षराचं चित्र झालं, वेलांटी कुठं जाणार? फक्त त्याच्या आधी दोनदा वाचा, नंतर स्पेलिंग बदलता येत नाही. मी 'आइस्क्रिम' अशी ऱ्हस्व वेलांटी देऊन 200 स्टिकर छापून घेतलेत, अजून कपाटात आहेत.

मोदक स्टिकरला चालणारच नाही. त्यात अक्षर इतकं फुगवलंय की आतली पांढरी जागा केसाएवढी उरलीय, ती लांबून बघायच्या मोठ्या अक्षरासाठीच. लहान कामाला बलू 2 घ्या, तो पण मोदक करणाऱ्या 'एक टाईप' संस्थेचाच, गोलमटोल, आणि पाच वजनं म्हणजे जाड्या आहेत. स्टिकरला मधलं वजन, मेनूच्या हेडिंगला एक्स्ट्राबोल्ड. भावांची यादी मात्र साध्या फॉन्टात ठेवा, सगळंच गुबगुबीत केलं की वाचता वाचता गिऱ्हाईक दमतं. मोदक आणि बलू दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, धंद्याला वापरा, नुसती फॉन्टची फाईल विकायची नाही.

पेठेतला_मास्तर:
मेनू-स्टिकरचं वहिनींनी बरोबर सांगितलंय. पण बोर्डाला फॉन्ट शोधूच नको भावा. तुझ्या बोर्डावर ल किती वेळा आलाय मोजून बघ आणि दोन ल शेजारी ठेवून बघ, सारखे नसणार. पेंटर जागा बघून पाकळी आवळतो नाहीतर सैल सोडतो, फॉन्टात प्रत्येक ल तोच. तू शोधतोयस ते तिथं आहेच की! शिडी लावून बोर्डाच्या बरोबर मधोमध उंचीवरनं फोटो घे, खालनं घेतलास तर अक्षरं वर निमुळती होतील. मग तो फोटो खाली ठेवून पेन टूलनं ट्रेस कर. वेळ लागतो, दोन संध्याकाळी धर.

अजून एक, मेनूकार्डात ल आणि श बघून घे. बऱ्याच फॉन्टात हिंदी वळणाचा येतो, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श आत दडलेला असतो, भाषा मराठी सेट केली की बाहेर येतो. शासनाच्या 2009 च्या निर्णयात पण हेच वळण दिलंय. सोडा पिणाऱ्याला फरक पडत नाही म्हणशील, पण तुझ्या बाबांना पडणार.

सोडावाल्याचा_नातू:
मास्तर, पडला!! बलूतला मेनू दाखवला तर पहिलं बोट ल वरच. आणि मोजले, बोर्डावर ल पाच आहेत, पाचही वेगळे, शेवटचा तर जागा संपली म्हणून अर्धा उपाशी ठेवलाय काकांनी. तो तसाच ट्रेस केला. स्टिकर बलूत परत काढले, लांबनं पण वाचता येतंय आता.

एकच अडलंय. बाबांना शॅडो गुलाबीच पाहिजे, फ्लेक्सवाला म्हणतोय गुलाबी उन्हात सगळ्यात आधी उडतो आणि आमचा बोर्ड पश्चिमेला तोंड करून. परत पत्र्यावरच घ्यावं का, ट्रेस कापून स्टेन्सिल करून ऑइलपेंट मारला तर? कुणी केलंय का असं?