'महाभक्षक पेशी' आणि बीटा पेशींचं 'पुनरुत्पादन'

अनुवादिका: मधुमेहावरच्या लेखातलं वाक्य असं केलंय: 'महाभक्षक पेशी बीटा पेशींच्या पुनरुत्पादनाला मदत करतात.' (बीटा पेशी म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी.) मूळ शब्द मॅक्रोफेज आणि रीजनरेशन. पण खाणारी पेशी मदत कशी करेल, हा प्रश्न वाचक विचारणारच.

पेशीवाला: 'पुनरुत्पादन' आधी काढा, त्याने संततीच डोळ्यांपुढे येते. 'पुनर्जनन' शाळेत प्लॅनेरियाच्या तुकड्यांसाठी शिकवतात, तिथे एकाचे दोन जीव होतात. इथे ऊती भरून येते, म्हणून 'पुनर्निर्मिती'. 'नव्या पेशी उगवतात' हेही नको. प्रौढ उंदरांमध्ये नव्या बीटा पेशी मुख्यतः असलेल्या बीटा पेशींच्या विभाजनातून येतात, हे 2004 साली दिसलं.

'महाभक्षक' हे ग्रीक शब्दाचं शब्दशः मराठी, चूक काहीच नाही. पण त्यात कामाची एकच बाजू येते. उंदराच्या स्वादुपिंडाची नलिका बांधली की मॅक्रोफेज तिथे जमतात आणि टीजीएफ-बीटासारखे संकेत सोडतात, त्यातून बीटा पेशींच्या विभाजनाला चालना मिळते. टाइप 2 मधुमेहात याच पेशी इंटरल्यूकिन-1 बीटा हा वेगळा संकेत सोडून बीटा पेशींचं कामही बिघडवतात. मी 'मॅक्रोफेज'च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखात 'मेलेल्या पेशी गिळणाऱ्या, दुरुस्तीतही हातभार लावणाऱ्या' एवढं जोडीन.

अनुवादिका: आणि इन्सुलायटिस? 'बेटांचा दाह' लिहिलं तर अंदमानला आग लागल्यासारखं वाटतं.

पेशीवाला: बेटं मात्र खरीच! बीटा पेशी स्वादुपिंडात बेटांसारख्या पुंजक्यांत असतात. इन्सुलिन हे नावच लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट, यावरून आलंय. 'द्वीपिका' म्हणा. अडचण 'दाह'ची आहे: वाचकाला पोटात जळजळ वाटते, प्रत्यक्षात रुग्णाला तिथे काही जाणवत नाही. 'द्वीपिकांत टी पेशींची (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची) घुसखोरी' जास्त नेमकं.

औषधशास्त्र: टाइप 1 मधुमेहाबद्दल 'प्रतिकारशक्ती कमी झाल्याने' असं सर्रास छापतात, ते उलटं आहे. शक्ती शाबूत असते, नेम चुकतो. सीडी8 प्रकारच्या टी पेशी स्वतःच्याच बीटा पेशी मारतात. 'स्वयंप्रतिकार' हा शब्द त्यासाठीच. टाइप 1 वरच्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हाही 'बरा करणारं' औषध असं लिहिलं गेलं. ते लक्षणांचा टप्पा साधारण दोन वर्षं *लांबवतं*. पुनर्निर्मितीशी त्याला जोडू नका.

अनुवादिका: मग असं: 'उंदरांमध्ये, स्वादुपिंडाला इजा झाल्यावर मॅक्रोफेज उरलेल्या बीटा पेशींच्या विभाजनाला चालना देतात.'

पेशीवाला: 'उंदरांमध्ये' संपादकाला कापू देऊ नका.