विषय: रे: गावाकडचा वृद्धाश्रम पाहताना – इथली यादी तिथे चालेल का?

प्रेषक: ज्येष्ठ कट्टा, संयोजक
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यातली काही घरं गावाकडे जाणार आहेत. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांतले वृद्धाश्रम पाहून यायचे आहेत. इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनच्या पाच प्रश्नांवरून (जागा सुरक्षित आहे का, काळजीचा उपयोग होतो का, माणसं आपुलकीने वागतात का, ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे बदल करतात का, कारभार नीट आहे का) मी चाळीस मुद्द्यांची यादी मराठीत केली आहे. सोबत जोडली आहे. जाणकारांनी नजर टाकावी. यादी संस्थाचालकांना आधी पाठवावी, की हातात घेऊन जावं, तेही सांगा.

---

प्रेषक: नर्सिंगवाल्या ताई, बर्मिंगहॅम
प्रति: सर्व सभासद

दादा, यादी वाचली. मराठी सुरेख झालंय. पण ही इंग्लंडमधल्या धोक्यांची यादी आहे. तुमचा सातवा मुद्दा म्हणतो, आंघोळीच्या नळाचं पाणी ४४ अंशांच्या वर नको. आर्वी-दर्यापूरकडे गरम पाण्याचा नळ कुठे असतो? तिथे बंब असतो, नाहीतर बादलीत सोडलेला रॉड. तेव्हा विचारायचं ते असं: बादलीत आधी थंड पाणी घालतात की आधी उकळतं? आधी थंडच. हात घालून कोण पाहतं? आणि रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हे आंघोळ घालणाऱ्या बाईला कुणी सांगितलंय का?

आधी पाठवू नका. पाठवलीत तर चाळीसही ठिकाणी 'होय' लिहून येईल. शिवाय इथे ती यादी चालते कारण मागे तपासनीस आहे, तो न सांगता येतो आणि त्याचा अहवाल जाहीर होतो. भारतात सगळ्या वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान मानकं सक्तीची करू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. पाटीवर 'नोंदणीकृत' दिसतं ती बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडची संस्थेची नोंदणी असते. काळजीच्या दर्जाचा त्यात काही पुरावा नाही. म्हणून विचारण्यापेक्षा पाहायचं.

सुरुवात रात्रीपासून करा. 'चोवीस तास कर्मचारी' याचा अर्थ दाराशी बाजेवर झोपलेला चौकीदार असाही असतो. हजेरीपट मागा आणि हिशोब करा. वीसपैकी चौघे अंथरुणाला खिळलेले असतील तर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला हवी. दोघांनी मिळून एकाला वळवणं, कोरडं करणं, चादर ताणणं, याला दहा मिनिटं धरा. म्हणजे प्रत्येक दोन तासांतली चाळीस मिनिटं दोन माणसं त्यातच अडकलेली. तेवढ्यात पलीकडच्या आजोबांना लघवीला लागते, हाकेला ओ मिळत नाही, ते एकटेच उठतात आणि उंबऱ्यापाशी पडतात. पडण्याचं खापर ओल्या फरशीवर फुटतं, पण मूळ असतं माणसं कमी असण्यात. वीस जणांना रात्री एकच माणूस असेल तर बाकीचं पाहण्यात अर्थ नाही.

खिळलेल्या एखाद्याची टाच आणि माकडहाड पाहायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडला नाही तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे बोटांनी चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागतं का. उशी पोटरीखाली हवी, टाच अधांतरी. रबरी रिंगवर बसवत असतील तर थांबवा, तिच्यामुळे मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

औषधांचं रजिस्टर उघडा. सही गोळी दिल्यावर व्हायला हवी. सकाळी दहालाच रात्रीच्या रकान्यात सह्या दिसल्या तर ते रजिस्टर नाही, रांगोळी आहे. गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात. सगळ्यांच्या सुट्या करून एका डब्यात ठेवल्या की पांढरी रक्तदाबाची आणि पांढरी साखरेची यांत फरक राहत नाही. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. लाइट गेल्यावर काय करतात ते विचारा. बर्फाला टेकवून ठेवलेलं, गोठलेलं इन्शुलिन नंतर वितळलं तरी फेकायचं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि वर ओलं फडकं, ही सोय वापरात असलेल्या पेनसाठी बरी आहे, महिनोन्‌महिन्यांच्या साठ्यासाठी नाही.

आणि वजन. दर महिन्याला, त्याच काट्यावर. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. पन्नास किलोच्या आजींचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर कारण शोधायलाच हवं. बऱ्याचदा ते ताटातच असतं: कवळी सैल, भाकर कडक, रस्सा तिखट, आणि भरवणारीला अर्ध्या तासात सहा जण उरकायचे असतात. ताट परत जाताना त्यात किती उरलंय, ते जेवणाच्या वेळी उभं राहून बघा.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला हवं. तिथे ४५ अंशांच्या वर पारा जातो, म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवते, आणि अनेक जण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असतात. 'पाणी भरपूर देतो' हे उत्तर नको. किती वाजता, किती ग्लास, कुणी दिलं, ते लिहिलेलं हवं. हृदयाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून सांगितलंय त्यांची नावं वेगळी. कुणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग भाजतंय, तर पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही. ओल्या कपड्यात गुंडाळून पंख्याखाली, काखेत-जांघेत बर्फ, आणि हे करत करतच १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजायचं नाही. कूलरचं काकांनी लिहावं.

---

प्रेषक: वायरिंगवाले काका, स्लाव
प्रति: सर्व सभासद

ताईने कूलर माझ्यावर सोडला ते बरं केलं. विदर्भात उन्हाळ्यात म्हाताऱ्याला जगवणारी वस्तूही तीच आणि शॉक देऊन मारणारीही तीच.

लोखंडी पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ओल्या ताट्या, तळाला पाणी आणि त्या पाण्यात बुडालेला टुल्लू पंप. पंपाचं सील गेलं किंवा केबल पत्र्याच्या कडेला घासून सोलली की पाणी आणि बॉडी दोन्हींत करंट उतरतो. पंखा चालूच असतो, गारवाही येतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मग कुणी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून पाइपने पाणी भरायला जातं.

चालक म्हणतील, 'एमसीबी आहे ना साहेब.' एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. दहा अँपिअरच्या एमसीबीला माणसातून गेलेला करंट जाणवतही नाही. पाहिजे ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच. आकडा तिच्यावर छापलेला असतो, तो वाचा. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर ती आगीसाठी आहे, माणसासाठी नाही. 'टी' बटण दाबलं की खटकन पडली पाहिजे. पडत नसेल तर ती शोभेची.

पण 'टी' दाबून अर्थिंग तपासलं जात नाही. अर्थ नसली तरी त्या बटणाने आरसीसीबी पडते. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यायचं, आणि तेही मे महिन्यात. कारण काळी माती. पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थ झकास मिळते. उन्हाळ्यात तीच माती वाळून भेगाळते, पुरलेल्या अर्थच्या पाइपपासून सुटते आणि रोध वाढतो. नेमके तेव्हाच कूलर चालू असतात. अर्थच्या खड्ड्यात त्या दिवसांत पाणी ओतत राहावं लागतं. खड्डा कुठे आहे, हे तिथल्या माणसाला दाखवता आलं नाही तर पाणी कुणी ओततच नाही असं समजा.

प्लग हातात घेऊन पाहा. एक्स्टेन्शन बोर्डात बसत नाही म्हणून तिसरी जाड पिन मोडलेली असते. त्या क्षणी सगळी अर्थिंग फुकट. नियम एकच: स्विच बंद, प्लग बाहेर, मग पाणी. आणि पाणी राहणाऱ्यांनी भरायचं नाही. बऱ्याच ठिकाणी 'हातपाय चालतात' म्हणून एखाद्या आजोबांनाच ते काम दिलेलं असतं.

दुसरी चूक गारवा कोंडण्याची. समोरची खिडकी उघडी नसली की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि खोलीतली माणसं कूलरसमोर बसूनही शिजतात. मृग लागल्यावर हवेतच ओल येते, मग पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटून राहतात, पाणी बदललं तरी निघत नाहीत.

'इन्व्हर्टर आहे' यावर विश्वास ठेवू नका, भागाकार करा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, हाती लागतात बाराशे-तेराशे. २०० वॉटचे चार कूलर लावले तर दीड तास. दुपारी तीन तास लाइट गेली तर पुढे काय? एकच थंड हॉल ठरवून सगळ्यांना तिथे आणतात, असं उत्तर आलं तर चालक शहाणा आहे.

जाता जाता: न्हाणीघरातला धरायचा दांडा स्वतः लटकून पाहा. नुसत्या प्लास्टरमध्ये प्लास्टिकचे गट्टू ठोकलेला दांडा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर भरवसा टाकतो. साडेचार इंची भिंत असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी. दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेल्या माणसाने आत उघडणारं दार अडतं.

---

प्रेषक: पाणीवाले दादा, लीड्स
प्रति: सर्व सभासद

दिवाळीत पाहून काय कळते बाप्पा? थंडीत सगळेच आश्रम गोजिरे दिसतात. पाहाचाच असन त मे मईन्यात दुपारी तीन वाजता जा, अन् फोन न करता जा.

माझे दोनच मुद्दे. पहिला पाण्याचा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक आहे. खाऱ्या बोअरच्या पाण्यात मीठही असतं. रक्तदाब आणि किडनीच्या रुग्णांचं मीठ ताटात मोजायचं आणि ग्लासातून तेच पाजायचं, असा प्रकार होतो. विरघळलेले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर नेलात तर दोन मिनिटांत कळेल. पण यवतमाळ-चंद्रपूरकडे प्रश्न फ्लोराइडचा आहे आणि तो त्या मीटरवर दिसत नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर दीड. त्यासाठी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यावरची तारीख पाहा. आरओ असेल तर स्वयंपाकही त्याच पाण्यात होतो का ते विचारा. बहुतेक ठिकाणी वरण बोअरच्याच पाण्यात शिजतं.

दुसरा मण्यार सापाचा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा फारसा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. ऐंशीच्या माणसाचं हे पाहून सगळे 'लकवा मारला' म्हणतात आणि वेळ जातो. शेतालगतच्या आश्रमात पावसाळ्यात कुणीच खाली झोपू नये, सेवेच्या बायासुद्धा नाही. खाटा भिंतीपासून हातभर दूर, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, दाराखालची फट बुजवलेली, काड्या-गोवऱ्यांचा ढीग भिंतीला टेकलेला नको. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस असते, ते फोनजवळ लिहिलेलं हवं.

---

प्रेषक: ज्येष्ठ कट्टा, संयोजक
प्रति: सर्व सभासद

यादी मागे घेतो, नव्याने लिहितो. एक विचारायचं राहिलं. विसरभोळे आजी-आजोबा बाहेर निघून जातात म्हणून गेटला आणि खोल्यांना रात्री कुलूप लावतात. हे बरोबर की चूक?

---

प्रेषक: नर्सिंगवाल्या ताई, बर्मिंगहॅम
प्रति: सर्व सभासद

आवाराच्या गेटला कडी-कुलूप समजण्यासारखं आहे. खोलीला नाही, आणि खाटेला बांधणं तर कधीच नाही. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि कठड्यावरून उलटा पडतो. विसरभोळा माणूस बाहेर पळतो कधी, ते लिहून ठेवायला सांगा. बहुतेक वेळा संध्याकाळची तीच वेळ असते. त्या वेळी एकाने सोबत आवारात फेरी मारली तर कुलपाची गरज निम्मी होते. गेटची किल्ली रात्री कुणाच्या कंबरेला आहे ते विचारा. गॅसचा भडका उडाला आणि किल्लीवाला घरी जेवायला गेलेला असेल तर गजांच्या खिडक्यांतून कुणीच निघणार नाही. निदान एका खिडकीचे गज बिजागरीवर उघडणारे हवेत.

पैशाचं कागदावर घ्या: अनामत परत कधी, दवाखान्यात हलवायचं कुणी ठरवायचं, तिथे रात्री सोबत कोण थांबणार. तोंडी 'आपलंच समजा' चालणार नाही. आणि काही खटकलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. नंबर आईच्याच फोनमध्ये टाकून द्या, संस्थेच्या नको.

---

प्रेषक: वायरिंगवाले काका, स्लाव
प्रति: सर्व सभासद

माझ्या मेलला एक पुरवणी. 'टी' बटण दाबायच्या आधी कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर नाही ना, ते पाहा. त्या आरसीसीबीवरचं सगळं एकदम बंद पडतं. दाबून झाल्यावर ती परत वर केल्याशिवाय तिथून हलू नका, आणि हवेच्या गादीचा पंप पुन्हा सुरू झाला का ते हात लावून बघा.